पत्रा लागला म्हणून आलेलं पोरगं

रात्रीचे पावणेअकरा. दवाखान्याचं शटर अर्धं ओढलेलं, कंपाउंडर मामांनी फॅन बंद केलेला, आणि तेवढ्यात ट्रिपल सीट गाडी दारात. मधल्याच्या डाव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला, भिजून काळपट झालेला. “डॉक्टर, पत्रा लागलाय. कंपनीत.” बास, एवढंच.

तर हे त्या पोराचं प्रकरण. आधी एक खुलासा. यात कुणाचं नाव देणार नाही, दोन-तीन पोरांच्या गोष्टी मिसळून एक केल्यात, आणि गल्लीच्या, वसाहतीच्या खुणा बदलल्यात. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ सांगतं की अशा प्रकरणातल्या १८ च्या आतल्या पोराची ओळख पटेल असं काही छापायचं नाही, आणि कायदा नसता तरी मी दिलं नसतं, कारण कोल्हापुरात दोन चौक सांगितले की तिसरा माणूस घर दाखवतो. गल्लीत त्याला बारक्या म्हणतात असं धरू. वय १७, दहावीनंतर आयटीआय अर्धवट, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मधूनमधून जाणारा. घरी आई आणि थोरली बहीण, वडील वारलेले.

पत्रा लागलेले हात मी वीस वर्षं बघतोय. फौंड्रीतनं आलेल्या पोराच्या नाकपुड्या काळ्या असतात, नखात वाळू असते, याच्या अंगाला डिओचा वास. आणि घाव तळहातात, करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या मुळाशी, दोन्हीवर एका ओळीत आडवा, कडा एकदम साफ. शिवाय कोपराच्या खाली बाहेरच्या बाजूला अजून एक छोटा. म्हणजे अंगावर काहीतरी येताना बघून पोरानं हात आडवा घातला आणि नंतर पातंच धरलं. पत्रा काय स्वतःहून चालून येत नाही. मी म्हटलं, “सीपीआरला जा, चिठ्ठी देतो.” सीपीआर म्हणजे कोल्हापूरचा मोठा सरकारी दवाखाना. तर तिघं एका सुरात, “सीपीआर नको.” का नको ते मलाही माहीत होतं. तिथं अपघात विभागात पोलीस चौकी असते, आणि अशा रात्री समोरच्या पार्टीतला पण कोणीतरी तिथंच आलेला असतो, मग खाली आवारात शंभर पोरं जमतात.

मग मी शिवलं. सात टाके. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. हल्ली नुसतं टीटी नसतं, टीडी असतं, धनुर्वात आणि घटसर्प दोन्हीचं, सरकारी वेळापत्रकात १० व्या आणि १६ व्या वर्षी असतं, याचं १६ चं चुकलेलं कारण शाळा सुटली होती. “मूठ वळव” म्हटलं, त्यानं कळवळत बोटं जरा आत घेतली, मी म्हटलं ठीक आहे. रजिस्टरला लिहिलं, पत्रा लागून जखम.

माझी चूक

इथं थांबून माझं सांगतो, कारण प्रकरण लिहायचं तर डॉक्टरचं पण लिहायला पाहिजे. प्रत्येक बोटाला वाकवणाऱ्या दोन दोऱ्या असतात, एक मधल्या सांध्यापर्यंत जाते आणि दुसरी तिच्या खालनं पार टोकापर्यंत. लोक याला शीर तुटली म्हणतात, प्रत्यक्षात ती शीर नव्हे, टेंडन. टोकाची तुटली आणि मधली शाबूत असली तर बोट अर्धं वाकतं, आणि घाईत बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. बघायची पद्धत साधी आहे, मधला सांधा आपल्या बोटांत धरून ठेवायचा आणि सांगायचं, आता नुसतं टोक वाकव. हे एमबीबीएसच्या पोराला पण येतं. मी नाही केलं. का नाही केलं? कारण मला ते तिघं दवाखान्यातनं लवकर जायला पाहिजे होते. भीती, दुसरं काय. बाहेर एक गाडी दोनदा चक्कर मारून गेली होती.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बारक्या आला, या वेळी एकटाच. “डॉक्टर, हे बोट ऐकंना झालंय.” करंगळीचं टोक वाकत होतं, शेजारच्याचं नाही. टेंडन तुटून वर ओढली गेली होती. असलं ऑपरेशन पहिल्या आठवडाभरात झालं तर बरं, उशीर झाला की तुटलेलं टोक आणखी वर सरकतं, चिकटतं, मग कितीही शिवा.

आता मात्र मोठा दवाखाना टाळता येणार नव्हता, आणि मोठा दवाखाना म्हणजे एमएलसी, मेडिको-लीगल केस. हा शब्द ऐकला की ही पोरं जखम बांधून घरात बसतात, घरात नाही तर कुणाच्या तरी शेतातल्या खोपीत. म्हणून त्या दिवशी मी त्याला बाकड्यावर बसवून अर्धा तास फक्त एमएलसी समजावून सांगितलं. एमएलसी म्हणजे गुन्हा नव्हे, जखमेची नोंद आणि पोलिसांना कळवणं. जखम कशी आहे, कशानं झालेली दिसते, किती खोल, हे डॉक्टर लिहितो, गुन्हा दाखल करायचा की नाही ते पोलीस बघतात. नोंद झाली नाही म्हणून उपचार थांबवता येत नाहीत, परमानंद कटारा प्रकरणात सुप्रीम कोर्टानं १९८९ सालीच सांगितलंय की सरकारी असो नाहीतर खासगी, डॉक्टरनं आधी जीव वाचवायचा, कागद नंतर. आणि हेही सांगितलं की बाबा, समोरचा पण तक्रार देणार, परस्परविरोधी दोन तक्रारी होतील, तू नुसता जखमी राहशील असं नाही. खोटं आश्वासन दिलं असतं तर तो तेव्हा गेला असता आणि परत कधी कुठल्या दवाखान्यात आला नसता.

“आईला सांगाय लागंल?” तो म्हणाला. १७ वर्षांचा आहेस, सही तिचीच लागणार.

आई आली ती धुण्याच्या ओल्या हातानं. तिला कळलेलंच होतं. “मला काय ठावं न्हाई वाटतंय ह्याला. दोन-दोन वाजस्तोवर दारात बसलो असतोय मी. गाडीचा आवाज आला की बघतोय, ह्याची हाय का दुसऱ्या कुणाची.” तिचं बीपी मोजलं, १७० वर ११०. गोळ्या? “बंद केल्या, ह्याच्या काळजीत कोण गोळ्या खातंय.” बहिणीचं कॉलेज दोन महिन्यांपासनं बंद, कारण बसस्टॉपवर कोणीतरी ‘तुझ्या भावाला सांग’ असं बोलून गेलेलं. एका बोटाच्या केसमध्ये घरात तीन पेशंट निघाले ते असे.

वॉर्ड आणि वस्ताद

ऑपरेशन झालं, एमएलसी झाली, जबाब झाला. आता खरा धोक्याचा काळ. बाहेरच्या देशांत यावर बरंच काम झालंय, जागतिक आरोग्य सभेनं १९९६ सालीच हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे असा ठराव केलाय, शिकागोत गॅरी स्लुटकिन नावाच्या साथरोगतज्ज्ञानं मांडलं की मारामारी पण साथीसारखी पसरते, एकाला लागलं की त्याच्या जवळच्यांना लागण होते, आणि स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या पोलिसांनी २००५ मध्ये खास युनिट काढलं, पुढं तिथल्या दवाखान्यांत जखमी पोराच्या खाटेपाशी जाऊन बोलणारी माणसं नेमली. वॉर्डातल्या पहिल्या दोन-तीन रात्री पोरगं बदलू पण शकतं आणि बदला घ्यायला बाहेर पण पडू शकतं, त्यांचं सगळं त्यावर. आपल्याकडं असा नेमलेला माणूस नाही. पण आपल्याकडं वस्ताद आहेत.

बारक्या लहानपणी तालमीत जायचा. तिथले वस्ताद, पासष्टीचे, आता गुडघे गेलेत, ते पहिल्याच रात्री वॉर्डात येऊन स्टुलावर बसले. खाली आठ-दहा पोरं, “उद्या उचलायचा त्याला, एडका लावायचा” असली भाषा. एडका म्हणजे धारदार हत्यार. वस्तादांनी भाषण वगैरे काही दिलं नाही. म्हणाले, “रक्तच काढायचंय न्हवं? चला, पेढीत काढू.” आणि सकाळी खरोखर पाच जणांना रक्तपेढीत घेऊन गेले. वस्तादांना नाही म्हणायची हिंमत नाही कुणाची.

पाचातल्या चौघांना परत पाठवलं. एक १८ च्या आतला, आणि तिघांच्या हातावर नवा टॅटू. टॅटू काढल्यावर १२ महिने रक्त देता येत नाही. तिघांचा टॅटू सारखाच, चार महिन्यांपूर्वीचा. वस्ताद मला फोनवर म्हणाले, “डॉक्टर, रक्त घेत न्हाईत म्हणजे रक्तात काय हाय काय ह्यांच्या?”

या प्रश्नापर्यंत मी पण नुसता हातच बघत होतो.

खोली

टॅटू कुठं काढला विचारल्यावर खोलीचा पत्ता लागला. वसाहतीच्या कडेला बांधकाम अर्धवट सुटलेल्या घरातली एक खोली, खिडकी विटांनी बुजवलेली, आत गादी, स्पीकर, भिंतीला एका वाढदिवसाचा फ्लेक्स. ग्रुपचं ऑफिसच म्हणा. टॅटू तिथंच काढलेले, ऑनलाइन मागवलेलं मशीन, एका पोरानं मोबाईलवर बघून शिकलेलं, सुई एक, शाईचं झाकण एक, सात हात.

मला वाटलं होतं ही पोरं दारू आणि गांजावर असतील. होतीच, पण जास्त काळजीचं दुसरं निघालं. दोघं जिममध्ये जायचे आणि तिथं दम लागू नये म्हणून मेफेंटरमाइन टोचून घ्यायचे. हे औषध भूल देताना बीपी पडलं तर ते वर आणायला असतं, ऑपरेशन थिएटरमधलं औषध, जिममधलं नव्हे. त्यानं बीपी उसळतं, छाती धडधडते, झोप उडते, आणि संशय वाढतो, कोणी नुसतं वळून बघितलं तरी खुन्नस दिली वाटतं. असल्या डोक्याच्या पोराच्या पिशवीत एडका. आणि मग झोप यायला झोपेच्या गोळ्या, चिठ्ठीशिवाय, दुकान बदलून बदलून. सुई वाटून घ्यायचे का? “आपापसात, डॉक्टर. बाहेरच्याला न्हाई देत.” आपापसात म्हणजे जणू घरचं ताट.

आता सुईचं गणित त्यांना समजावलं ते असं. सगळ्यांना एड्सची भीती, काविळीची कुणालाच नाही. पण एचआयव्ही असलेल्या माणसाच्या रक्ताची सुई दुसऱ्याला टोचली तर लागण व्हायची शक्यता हजारात ३ च्या आसपास, आणि लस न घेतलेल्या माणसाला बी काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस बीची, तीच शक्यता शंभरात ६ पासून ३० पर्यंत. हे आकडे दवाखान्यात चुकून टोचलेल्या सुयांवरनं काढलेत, मुद्दाम शिरेत घेतलेल्या सुईचं तर विचारूच नका. शिवाय बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात आठवडाभर टिकतो, म्हणजे शाईचं झाकण, ब्लेड, सगळं आलं. सी काविळीला लस नाही, पण औषध चांगलं आहे, साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक जण पूर्ण बरे होतात, आणि बी आणि सी दोन्हीची तपासणी आणि उपचार सरकारी कार्यक्रमात फुकट आहेत, २०१८ पासून. हे कुणाला ठाऊकच नाही, फ्लेक्स लावायची तर याची लावा की राव.

त्यातल्या एकानं दोनच दिवसांपूर्वी दुसऱ्याची सुई वापरलेली. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात, द्यायची की नाही ते एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांचं सरकारी केंद्र, ठरवतं, म्हणून त्याला त्याच दिवशी, अक्षरशः गाडीवर माझ्या मागं बसवून पाठवलं म्हणण्यापेक्षा नेलं. १८ च्या आतल्यांची अडचण वेगळी, एचआयव्ही तपासणीला पालकांची संमती लागते, आणि आईला सांगायचं म्हणजे सुईचं सांगायचं. इथं चार दिवस गेले. बारक्याच्या आईनं सही केली, दुसऱ्याच्या वडलांनी त्याला आधी दोन कानफटात दिल्या, मग सही केली.

निकाल: एचआयव्ही कुणालाच नाही, पण पहिल्या तपासणीवर विसंबायचं नसतं, तीन महिन्यांनी परत. एकाला बी कावीळ पॉझिटिव्ह. तो गप्प झाला. त्याला वाटलं संपलं सगळं. तसं नसतं, सहा महिन्यांनी परत बघतात विषाणू राहिलाय का, लिव्हरच्या तपासण्या करतात, सगळ्यांना लगेच औषध लागत नाही, पण घरातल्यांना लस लागते. बाकीच्यांना लस चालू केली, ०, १ आणि ६ महिने अशी तीन इंजेक्शनं.

मधेच एकाचा हात दिसला, उजव्या हाताची मधली गाठ सुजून लाल, वर बारीकशी जखम. मारामारीत समोरच्याच्या दातावर मूठ बसलेली, आठवडा झालेला. ही जखम दिसायला चिल्लर आणि फार वाईट. मूठ वळलेली असताना दात सांध्यापर्यंत जातो, मूठ उघडली की कातडी सरकून भोक झाकलं जातं आणि माणसाच्या तोंडातले जंतू आत बंद. वरनं हळद लावलेली. सांधा धुवायला ॲडमिट करावं लागलं. त्याला विचारलं आधी का नाही आलास तर म्हणाला, “एवढ्याशा खरचटल्याला कोण येतंय?”

आणि एक गोष्ट मी सगळ्यांना करायला लावली, आ करा आणि तीन बोटं उभी तोंडात घाला. सातातल्या चौघांची जेमतेम दोन गेली. मावा. आपल्याकडं चौकाचौकात सुपारी-तंबाखू घोटून देतात तो. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे, मावा चालूच. तोंड आखडत चाललेलं आणि वय विशीच्या आतबाहेर, यातनं पुढं कॅन्सर होऊ शकतो. मला प्रामाणिकपणे वाटतं की या खोलीतल्या पोरांना एडक्यापेक्षा मावा जास्त नेईल, पण एडक्याची बातमी होते, माव्याची होत नाही.

थोरला

खोलीत एक जण बाकीच्यांपेक्षा मोठा, २९ वर्षांचा, कळंबा जेलातनं सुटून आलेला. पोरं त्याला भाऊ म्हणतात. पेट्रोल त्याचं, बिर्याणी त्याची, वकील त्याचा. पेपरात असल्यांना फाळकूटदादा म्हणतात, पण पोरांच्या डोळ्यांनी बघितलं तर वडील वारल्यावर घरी किराणा भरून देणारा तो एकटा माणूस होता. आणि बारक्याच्या पिशवीत एडका ठेवणारा पण तोच, कारण १८ च्या आतला पकडला गेला तर बाल न्याय मंडळापुढं जातो, लवकर सुटतो, असं त्याचं गणित. बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ प्रमाणे पोरांना असं बेकायदा कामाला लावणाऱ्या मोठ्या माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. हे मी बारक्याच्या आईला सांगितलं, बारक्यालाही सांगितलं. सोळा वर्षांपुढच्या पोरानं अत्यंत गंभीर गुन्हा केला तर मंडळ त्याची वेगळी तपासणी करून केस मोठ्यांसारखी चालवायला पाठवू शकतं, हे भाऊनं त्याला सांगितलेलं नव्हतं.

तर हा भाऊ खोकत होता. तीन आठवडे. रात्री घाम, वजन उतरलेलं, पॅन्टला पट्ट्यात नवं भोक पाडलेलं. तुरुंगातली गर्दी आणि क्षयरोग यांचं जुनं सख्य. बेडका तपासला, टीबी निघाला.

माझी अडचण समजून घ्या. ज्या माणसाचा मला मनातनं राग, त्याच्यासमोर बसून मी सहा महिन्यांच्या गोळ्या समजावतोय, दर महिन्याला पोषणाचे १००० रुपये खात्यात येतात ते सांगतोय (आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढवले), आणि तो ‘व्हय डॉक्टर, व्हय डॉक्टर’ करतोय, एकदम गरीब गाय. पण राग ठेवून चालत नाही, कारण त्याचा खोकला त्याच्या एकट्याचा नाही. टीबी निघाला की आरोग्य कर्मचारी घरातल्या संपर्कातल्यांची यादी करतात, त्यांना तपासतात, गरज असेल तर टीबी होऊ नये म्हणून गोळ्या देतात. त्याच्या यादीत आई आणि बायको. बायको तर माहेरी, आईच्या घरी तो जेवायला जातो फक्त. झोपतो, खोकतो, चिलीम फिरवतो ते सगळं त्या बुजवलेल्या खिडकीच्या खोलीत, सात पोरांबरोबर. फॉर्मवर घर हा रकाना आहे, ग्रुपचा रकाना नाही.

मी सातही नावं लिहून दिली. कर्मचारी ताई म्हणाल्या, “हे नात्यानं कोण लागतात?” मी म्हटलं, “एका खोलीत झोपतात.” त्यांनी एक क्षण बघितलं आणि सगळ्यांची नावं संपर्कातली म्हणून घेतली. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त कुणाचं कौतुक असेल तर त्या ताईंचं. सातही जणांचे एक्सरे झाले, एकात पण काही निघालं नाही. आणि वस्तादांनी त्या खोलीची बुजवलेली खिडकी फोडायला लावली, स्वतः उभं राहून. खोलीच बंद करायला हवी होती असं म्हणणारे आहेत. खोली बंद केली असती तर दुसरी खोली झाली असती, आणि ती मला माहीत नसती.

दोन महिन्यांनी भाऊला तडीपारीचा आदेश झाला. महाराष्ट्र पोलीस कायद्यात जास्तीत जास्त दोन वर्षं जिल्ह्याबाहेर ठेवता येतं. पोलिसांच्या बाजूनं बघितलं तर बरोबरच आहे, माझ्या बाजूनं बघितलं तर चार महिन्यांच्या गोळ्या बाकी असलेला टीबीचा पेशंट एसटीत बसून कुठंतरी चाललाय. अर्धवट सोडलेल्या औषधानं टीबी परत येतो आणि साध्या गोळ्यांना दाद देत नाही. निक्षय या टीबीच्या सरकारी ऑनलाइन यादीत नोंदणी असल्यानं उपचार कुठल्याही जिल्ह्यात बदलून घेता येतो, पण ते करायला त्यानं सांगायला पाहिजे ना कुठं चाललाय ते. पोलिसांना सांगणार, डॉक्टरला कशाला? शेवटी त्याच्या आईकडनं पत्ता काढला, ताईंनी सोलापूर बाजूच्या एका केंद्राला फोन लावला, आणि पुढचा महिना त्यानं गोळ्या उचलल्याची नोंद दिसली. त्याच्या पुढच्या महिन्याची पण.

झोप

बारक्याची बोटाची पट्टी सहा आठवडे होती, मग व्यायाम. हाताचा व्यायाम फार कंटाळवाणा असतो, दिवसातनं कितीतरी वेळा तेच ते, आणि या पोरांना थांबायची सवय नाही. पण तो करायचा. का करायचा ते एकदा म्हणाला, “रात्री काय काम नसतंय.” झोपायचा नाही तो. पहाटे चारपर्यंत जागा. गल्लीतनं बुलेटनं फटाका फोडला की पलंगाखाली. हे मला त्याच्या बहिणीनं सांगितलं, तो कधी सांगणार नाही. डोळे मिटले की पातं दिसतं, घाम सुटतो, ज्या चौकात झालं तिथनं गाडी घालत नाही, दोन किलोमीटरचा वळसा घेतो. हे काही घाबरटपणाचं लक्षण नव्हे, जीवावर बेतलेल्या माणसाच्या मेंदूला असंच होतं, आणि त्यावर उपचार आहेत. पण ग्रुपमध्ये हे बोललास की गेलास. मग हेच पोरगं झोपेच्या गोळ्या घेतं, आणि आपण म्हणतो नशेखोर.

त्याला १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर दिला, फुकट आहे, मराठीत बोलतात. चेष्टेवारी नेलं त्यानं. पण नंतर बहिणीनं लावला, आपल्यासाठी. तिचं कॉलेज परत चालू झालं ते त्यानंतर. १० ते १९ वयाच्या पोरांसाठी सरकारी दवाखान्यात ‘मैत्री’ क्लिनिक असतं, तिथं मी त्याला दोनदा पाठवलं, एकदा गेला, बाहेर ओळखीचं कोणीतरी दिसलं म्हणून परत आला. मग मीच तिथल्या समुपदेशकांना विनंती करून त्यांचं बोलणं तालमीच्या मागच्या खोलीत ठेवलं, दर गुरुवारी. पहिल्या गुरुवारी बारक्या एकटा, तिसऱ्या गुरुवारी चौघं. दात लागलेल्या हाताचा पण आला.

आता आजची स्थिती लिहितो. बोट पाऊण वाकतं, मूठ बंद होते पण टोक तळहाताला टेकत नाही, फौंड्रीतला जड साचा धरता येत नाही. समोरच्या पार्टीशी मिटवामिटवी झाली म्हणतात, झाली म्हणजे दोन्हीकडचे वस्ताद गंगावेशीत दूध पिऊन आले, कोर्टाचं चालूच आहे. कावीळ पॉझिटिव्ह निघालेला पोरगा सहा महिन्यांच्या तपासणीला आला नाही, दोन फोन झाले, तिसऱ्याला फोन बंद. सुया पूर्ण थांबल्या असं मी लिहिणार नाही, आपापसात वाटून घेणं थांबलंय एवढं नक्की. आईच्या बीपीच्या गोळ्या चालू, १४० वर ९०.

बारक्याला मामानं इचलकरंजीला नेलंय, लूमवर. भांडण झालं तेव्हापासनं मामाच्याच मागं लागली होती आई. काविळीच्या लशीचे दोन डोस झालेत, तिसऱ्याची तारीख गेल्या सोमवारी होती. आईनं फोन केला, “रविवारी सुट्टी असती त्याची, रविवारी दवाखाना उघडा असतोय काय?” असतो म्हटलं. नसतो खरं तर. कंपाउंडर मामांना सांगितलंय सकाळी दहाला शटर उघडायला.